फोटोत आपण कुठे असतो?

गेल्या मे महिन्यात भाची पुण्याहून राहायला आली होती. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजने सुट्टीत एक काम दिलं होतं. ओळखीचा एखादा रस्ता निवडायचा आणि त्याचे फोटो काढायचे. देखावे नकोत, इमारती नकोत, माणसं तो रस्ता कशी वापरतात ते दिसलं पाहिजे. जागा एकच, वेळा तीन. सकाळी सात, दुपारी दोन आणि संध्याकाळी सात. असं आठ दिवस.

"मावशी, तू पण चल ना माझ्याबरोबर. एकटी उभी राहिले की सगळे बघत बसतात," ती म्हणाली.

तेव्हा मी हसून 'चल' म्हटलं. पण आता वाटतं, त्या आठ दिवसांत जे काही कळलं ते सगळं तिच्या या एका वाक्यात आधीच होतं.

आमचं गाव तालुक्याचं. मुख्य रस्ता एस.टी. स्टँडपासून मारुतीच्या देवळापर्यंतचा. मध्ये चौक, चौकात वडाचा पार, पलीकडे चहाच्या दोन टपऱ्या, अलीकडे औषधांचं दुकान. त्या दुकानापुढे आम्ही दोघी उभ्या राहायचो. पहिल्या दिवशी चारजणांनी विचारलं, "रस्ता रुंदीकरण आहे का हो?" दुसऱ्या दिवशी एकाने आपलं दुकान किती फूट आत आहे ते आपणहून दाखवलं! तिसऱ्या दिवसानंतर मात्र कुणाला आमचं काही वाटेनासं झालं आणि खरे फोटो मिळायला लागले.

आठव्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर तिने ते सगळे फोटो लॅपटॉपवर लावले. आम्ही दोघी, शेजारच्या काकू आणि आमचे हे. दहा-बारा फोटो झाल्यावर हे म्हणाले, "यात काय आहे बघण्यासारखं? रोजचंच तर आहे."

"काका, आता एक करा. या फोटोंमध्ये जी माणसं बसलेली आहेत, तेवढीच बघा," भाची म्हणाली.

आम्ही बघायला लागलो. पारावर माणसं बसलेली. टपरीच्या बाकावर बसलेली. बंद दुकानाच्या पायरीवर, उभ्या मोटारसायकलवर, दुभाजकाच्या कठड्यावर, एवढंच काय, विजेच्या डीपीच्या चौथऱ्यावरसुद्धा! सगळे पुरुष. म्हातारे, तरुण, शाळकरी. आणि बायका? बायका होत्या की. भरपूर होत्या. पण चालत होत्या. हातात पिशवी, काखेत मूल, डोक्यावर ओझं, खांद्यावर पर्स, मान जराशी खाली आणि पाऊल उचललेलं. बसलेल्या बायका म्हणजे फक्त भाजीवाल्या. त्यांचं बसणं हे त्यांचं काम. त्याखेरीज आठ दिवसांत एकच बाई बसलेली सापडली. औषधांच्या दुकानाच्या पायरीवर, लेकराच्या चपलेचा पट्टा लावायला टेकलेली. पुढच्या फोटोत ती पायरी रिकामी होती.

खोलीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग काकू म्हणाल्या, "अगं, चाळीस वर्षं झाली मला या गावात येऊन. त्या पारावर मी एकदाही टेकले नाहीये."

मीही नाही. तुम्ही?

*

रस्त्यावरच्या रोजच्या जगण्याचे असे फोटो काढण्याला स्ट्रीट फोटोग्राफी म्हणतात. ठरवून कुणाला उभं करायचं नाही, 'हसा' म्हणायचं नाही. जे चाललंय ते टिपायचं. पूर्वी मला वाटायचं, हे कलाकारांचं काम. प्रदर्शनात लावायचे काळे-पांढरे फोटो. पण भाचीने त्यातलं थोडंफार समजावून सांगितलं आणि लक्षात आलं की शहर कसं चालतं हे कळण्याचा याच्याइतका सोपा मार्ग दुसरा नाही. नकाशावर रस्ता किती फूट रुंद आहे ते कळतं. तो रस्ता कुणाचा आहे, ते फोटोत कळतं.

अमेरिकेत विल्यम व्हाइट नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. न्यूयॉर्कमध्ये 1961 साली एक नियम झाला होता. उंच इमारत बांधणाऱ्याने खाली लोकांसाठी मोकळं अंगण सोडलं, तर त्याला वर जास्तीचं बांधकाम करायची परवानगी मिळायची. बिल्डर मंडळींनी भराभर अंगणं सोडली. पण कित्येक अंगणं ओसाड! कुणी फिरकेना. असं का होतं ते बघायला व्हाइट यांनी 1970 च्या सुमारास काम सुरू केलं. त्यांनी आणि त्यांच्या मदतनीस मुलामुलींनी जवळपासच्या गच्च्यांवर कॅमेरे लावले, खाली वह्या घेऊन उभे राहिले आणि दिवसभर माणसं काय करतात ते टिपलं.

निघालेलं उत्तर ऐकाल तर हसाल. माणसं तिथे बसतात, जिथे बसायला जागा असते! पण हे एवढं साधं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कठड्यांना टोकदार खिळे, ओटे नको तितके उंच, बाकं नकोशा जागी. व्हाइट यांच्या या कामामुळे 1975 मध्ये न्यूयॉर्कने नियम बदलले आणि अशा अंगणांत बसायची सोय करणं सक्तीचं झालं. 1980 मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं, फिल्मही केली.

त्यांच्या कॅमेऱ्यात आणखी गंमती सापडल्या. माणसं रस्त्यात भेटली की बाजूला होऊन बोलत नाहीत, अगदी वाहत्या गर्दीच्या मधोमध उभी राहून गप्पा मारतात. हे वाचून मला आमचा भाजीबाजारच आठवला. दुसरं म्हणजे सुटी खुर्ची असली की माणूस बसण्याआधी ती दोन इंच तरी सरकवतो. काही गरज नसते, तरी सरकवतो. 'ही जागा आता माझी' असं म्हणण्याची ती एक तऱ्हा.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती त्यांची बायकांविषयीची नोंद. कुठे बसायचं ते बायका पुरुषांपेक्षा जास्त पारखून ठरवतात, असं त्यांना दिसलं. म्हणून एखाद्या चौकात बायकांचं प्रमाण नेहमीपेक्षा कमी दिसलं, तर समजावं की त्या जागेचं काहीतरी बिनसलंय.

आता सांगा, हे माप आपल्या गावाला लावलं तर काय होईल? आमच्या चौकाचं काय, अख्ख्या रस्त्याचंच बिनसलेलं निघेल!

*

इथे थांबले असते तर हा रडगाण्याचा लेख झाला असता. पण फोटो जसजसे पुन्हा पुन्हा बघत गेलो, तसतशी दुसरी एक गोष्ट दिसायला लागली.

सकाळी सातच्या फोटोंत रस्त्याच्या कडेला दारोदार बायका वाकलेल्या होत्या. सडा घालत होत्या, रांगोळी काढत होत्या. भाचीने एका फोटोवर बोट ठेवलं. "मावशी, ही जागा कुणाची?" मी म्हटलं, "त्या घराची." ती म्हणाली, "नाही. उंबरा तिथे संपला. हा नगरपालिकेचा रस्ता आहे." खरंच की! रोज सकाळी आपण सार्वजनिक रस्त्याचा चार हात तुकडा धुतो, त्यावर रेघा ओढतो आणि नऊ वाजेपर्यंत तरी मोटारसायकलवाला तो चुकवून जातो. कुठे अर्ज नाही, परवाना नाही. चिमूटभर रांगोळीने आपण रस्ता थोडासा आपल्या घरात आणतो.

हेलन लेविट नावाची एक अमेरिकन बाई होती. 1913 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मली. 1930 च्या दशकात तिने तिथल्या गरीब वस्त्यांमधल्या पोरांनी फुटपाथवर आणि भिंतींवर खडूने काढलेली चित्रं टिपायला सुरुवात केली. पाऊस आला की ती चित्रं जाणार, उद्या दुसरी येणार. त्या पोरांना घरात खेळायला जागा नव्हती, म्हणून रस्ता त्यांचं अंगण झाला. ते फोटो बघताना मला आपल्या रांगोळ्याच आठवल्या. जिची सत्ता चालत नाही ती माणसं जागा अशी पुसट रेघांनी आपली करतात. मोठ्यांना ती रेघ दिसतही नाही.

मग आम्ही अशा रेघा शोधायलाच लागलो. उन्हाळ्याचे दिवस होते. दुपारी दोनच्या फोटोत गल्लीच्या तोंडाशी बाजेवर कुरडया वाळत होत्या आणि राखणीच्या निमित्ताने तिघी सावलीला बसल्या होत्या. दळणाच्या गिरणीपाशी डबे ठेवून बायका बोलत उभ्या होत्या. देवळाच्या मागच्या पायरीवर हरिपाठानंतर म्हाताऱ्या रेंगाळल्या होत्या. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या अशा बसल्या होत्या की दोघींच्या पाट्यांमध्ये एकीलाच जाता येईल. हा दाटीचा हिशेब आहे हं! अनोळखी माणूस मध्ये घुसू नये आणि एकीला उठावं लागलं तर शेजारणीला दोन्ही पाट्या सांभाळता याव्यात.

मुंबईच्या लोकलमधला बायकांचा डबा तर यातलं मोठं उदाहरण. दिला गेला प्रवासासाठी. पण बायकांनी त्यात मटार सोलले, भाजी निवडली, डोहाळजेवणं केली, दसऱ्याला तोरणं बांधली. रेल्वेने दिला होता डबा, बायकांनी त्याचं माजघर केलं.

आणि पार? जून महिन्यात वटपौर्णिमेला भाचीने मला मुद्दाम फोन केला. "मावशी, आज चौकात जाऊन एक फोटो काढून पाठव." मी गेले. त्या दिवशी पारावर पुरुष औषधालाही नव्हता. नव्या साड्या, ताटं, सुताचे गुंडे आणि पूजा आटोपल्यावर चक्क मांडी घालून बसलेल्या बायका. हसत होत्या, एकमेकींची वाणं बघत होत्या, फणसाचे गरे वाटून खात होत्या. वडाला फेऱ्या मारण्याबद्दल ज्याचं त्याचं मत असो. माझंही काही फार भाबडं मत नाही. पण तो फोटो बघताना मनात आलं, वर्षातून एक दिवस बायकांना हा पार मिळतो. आणि तोही नवऱ्याच्या आयुष्यासाठी. स्वतःला जरा वारा खायचाय म्हणून नाही.

*

इथेच खरी मेख आहे. बाईला रस्त्यावर थांबायला निमित्त लागतं. दळण, कुरडया, देव, लेकराची शाळा. निमित्त संपलं की पाय उचलायचा.

मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2003 ते 2006 या काळात या विषयावर अभ्यास केला. पुढे 2011 मध्ये त्यांचं 'व्हाय लॉयटर?' हे इंग्रजी पुस्तक आलं. नावाचा अर्थ साधारण असा, 'उगाच का रेंगाळायचं?' मुंबईसारख्या शहरातसुद्धा बाई बाहेर असते तेव्हा 'मी कामाने आले आहे' हे तिला सतत दाखवावं लागतं, असं त्या सांगतात. आणि त्यांचं म्हणणं असं की सुरक्षितता मागताना आपण नुसती सुरक्षितता मागतो. मागायला हवा तो काहीही काम नसताना बाहेर असण्याचा हक्क.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा काकू पटकन म्हणाल्या, "म्हणून तर मी फिरायला जाताना रिकामी पिशवी घेऊन जाते. पिशवी असली की कुणी विचारत नाही." आम्ही सगळ्या खूप हसलो. पण नंतर मी भाचीचे फोटो परत बघितले आणि प्रत्येक पिशवीकडे शंकेने बघायला लागले. यातल्या किती रिकाम्या असतील?

कॅमेरा हातात असलेल्या बायकांनासुद्धा हे चुकलं नाही. व्हिव्हियन मायर ही अमेरिकेतली बाई जन्मभर दुसऱ्यांच्या घरी मुलं सांभाळायची. शिकागोच्या रस्त्यांवरून मुलांना फिरवता फिरवता तिने एक लाखाहून जास्त फोटो काढले. 2007 मध्ये, भाडं थकलेल्या गोदामातलं तिचं सामान लिलावात निघालं आणि त्यातून पुढे जगाला ते कळलं. 2009 मध्ये ती गेली. तिच्याकडे कुणी फारसं बघितलं नसेल, कारण ती 'मुलं फिरवणारी बाई' होती. तिची रिकामी पिशवी म्हणजे ती मुलं, असं मला वाटतं.

आणि आपल्या होमाई व्यारावाला! देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. 1913 मध्ये नवसारीला जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. त्यांचे सुरुवातीचे मुंबईतले फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावावर. पुढे 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, 2012 मध्ये त्या गेल्या. ज्या काळी रस्त्यावर बाई उभी दिसणंच नवलाचं, त्या काळी ही बाई साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन गर्दीत उभी राहत होती. मला तर त्यांच्या फोटोंइतकंच त्यांच्या उभं राहण्याचं कौतुक वाटतं.

*

आता मुद्दा असा, की हे सगळं नुसतं बघून काय करायचं? त्याचं उत्तर मला गावातच मिळालं.

आमच्या गिरणीच्या गल्लीच्या तोंडाशी, मुख्य रस्त्याला लागून, एका जुन्या वाड्याचा लांबलचक दगडी ओटा होता. दुपारी सावली असायची. दळण होईपर्यंत बायका तिथे टेकायच्या. कॉलेजच्या पोरी एस.टी.ची वाट बघत बसायच्या. दोन वर्षांपूर्वी रस्त्याचं सुशोभीकरण निघालं. पेव्हर ब्लॉक आले, रंगीत कठडा आला, उंच दिव्याचा खांब आला आणि ओटा गेला. अतिक्रमण म्हणून. त्याच वेळी चौकातल्या भाजीवाल्यांना स्टँडच्या मागच्या नव्या शेडमध्ये हलवलं. तिथे गिऱ्हाईक जात नाही, म्हणून त्या परत येतात, परत उठवल्या जातात.

कागदावर सगळं चांगलंच झालंय. रस्ता रुंद, स्वच्छ, चकचकीत. पण भाचीच्या फोटोत बघाल तर चहाच्या टपऱ्या आहेत, पार आहे, बाकं आहेत. पुरुषांच्या बसण्याची एकही जागा गेलेली नाही. गेला तो फक्त ओटा. कुणी वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. नकाशा करणाऱ्याला तिथे एक दगडी ओटा दिसला. त्यावर रोज दुपारी बसणाऱ्या बायका दिसल्या नाहीत, कारण त्या कधी कुठल्या कागदावर नव्हत्याच.

आम्ही सातजणींनी अर्ज लिहिला. गिरणीपाशी बसायला काहीतरी करा आणि भाजीवाल्यांना चौकाच्या एका बाजूला जागा आखून द्या. 2014 च्या फेरीवाल्यांच्या कायद्यात 'नैसर्गिक बाजार' अशी एक कल्पना आहे. जिथे घेणारे आणि विकणारे वर्षानुवर्षं आपसूक जमत आले आहेत, ती जागा. फेरीवाल्यांसाठी जागा ठरवताना तिचा विचार व्हायला हवा, असं तो कायदा सांगतो. फेरीवाल्यांच्या समितीत त्यांचे जे प्रतिनिधी असतात, त्यांत एक तृतीयांश बायका हव्यात, हेही त्यात आहे. हे सगळं आम्ही अर्जात घातलं.

साहेबांनी अर्ज वाचला. सज्जन माणूस. पण म्हणाले, "ताई, तिथे महिला बसत होत्या याला पुरावा काय?"

पुरावा! आम्ही एकमेकींकडे बघत बसलो. बसण्याचा काय पुरावा असतो?

त्या रात्री काकूंनी जुन्या अल्बमांची पेटी काढली. त्यांच्या दिराच्या लग्नाचे, 1994 सालचे फोटो होते. वरात गिरणीच्या गल्लीवरून चाललेली. घोड्यावर दीर, पुढे बँडवाले. आणि मागे, जरासा अस्पष्ट, पण पुरा ओटा. त्यावर दळणाचे डबे मांडीवर घेऊन ओळीने बसलेल्या बायका वरात बघतायत. काकूंनी आजवर तो फोटो शेकडो वेळा पाहिला असेल, पण नजर कायम नवरदेवावर. मागच्या बायका त्यांनाही त्या रात्री पहिल्यांदाच दिसल्या.

मग आम्ही घरोघर अल्बम काढायला लावले. गणपतीची मिरवणूक, शाळेची प्रभातफेरी, कुणाच्या नव्या स्कूटरसोबतचा फोटो. ओटा पाच फोटोंत सापडला. पाचही फोटोंत बायका! त्या फोटोंच्या प्रती आणि भाचीचे आजचे फोटो, म्हणजे त्याच जागी डबे घेऊन ताटकळत उभ्या बायका, असं सगळं एकत्र लावून आम्ही परत गेलो. या वेळी आमच्या वॉर्डाच्या माजी नगरसेविकाही बरोबर आल्या. साहेब फोटो बघत राहिले. मग एका फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "ही तर माझ्या मावशीसारखी दिसते."

तीन बाकं मंजूर झाली. आनंदीआनंद! पण खरी गंमत पुढेच. त्यातली दोन बाकं नेमकी पानटपरीच्या शेजारी बसवली. दुसऱ्या दिवसापासून तिथे कोण बसलं असेल ते सांगायला नको. तिसरं बाक गिरणीच्या समोर, दिव्याखाली आलं. ते मात्र रिकामं नसतं. दुपारी दळणवाल्या, पाचनंतर पोरी, सातनंतर कधी कधी आम्ही. म्हणजे बाक तेच, गाव तेच, फक्त पन्नास पावलांचा फरक. व्हाइटसाहेबांना हे बघून नक्की बरं वाटलं असतं.

भाजीवाल्यांचं अजून भिजत घोंगडं आहे. तो अर्ज फिरतोय.

*

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हल्ली प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे, म्हणून कुणाचेही फोटो काढत सुटायचं असं नाही. आपण बायका, नको असलेला फोटो म्हणजे काय ते आपल्याला चांगलं ठाऊक असतं. भाचीने सुरुवातीलाच नियम केला होता. चेहरे जवळून टिपायचे नाहीत, कुणी हात आडवा केला की लगेच पुसून टाकायचा, पोरींचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत आणि एकही फोटो मोबाइलवरून पुढे पाठवायचा नाही. एका भाजीवाल्या आजींनी आधी तोंड फिरवलं. आम्ही पुसलेला फोटो त्यांना दाखवला, तशा म्हणाल्या, "आता काढ. पण पाटी येऊ दे त्यात. कोथिंबीर ताजी आहे." चेहऱ्यापेक्षा पाटी महत्त्वाची. कारण पाटी म्हणजेच त्यांची त्या रस्त्यावरची जागा.

आपल्या राज्यात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये बायकांना पन्नास टक्के आरक्षण आहे. सभागृहात निम्म्या खुर्च्या आपल्या झाल्या, हे मोठंच काम झालं. पण खाली रस्त्यावर? पारावर? बागेतल्या बाकांवर? तिथे निम्म्या राहू द्या, चार तरी आपल्या आहेत का? मुंबईत 2011 मध्ये बायकांसाठी मोफत आणि स्वच्छ मुताऱ्या हव्यात म्हणून संस्थांनी मोहीम सुरू केली, तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं की शहर बांधताना बाई दिवसभर बाहेर असेल हे कुणी धरलंच नव्हतं. छोट्या गावात तर ही लाज अजून बोललीही जात नाही. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे कुठल्याच फोटोत दिसणार नाही. ते विचारावंच लागतं.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. एखाद्या रविवारी तुमच्या गावच्या चौकात एका जागी उभ्या राहा. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला, पाच-पाच मिनिटं. मैत्रिणीला बरोबर घ्या. फोटो काढा किंवा नुसतं बघा. कोण बसलंय, कोण चालतंय, कोण कुठे थांबतंय आणि अंधार पडल्यावर कोण नाहीसं होतंय. घरातले जुने अल्बमही काढा आणि नवरानवरीच्या मागे काय आहे ते बघा. तुमच्याकडचा कुठला ओटा, कुठली पायरी, कुठली सावली गेली ते तिथे सापडेल. उद्या कुणी पुरावा मागितला, तर तो हाताशी असलेला बरा.

परवा संध्याकाळी काकू आणि मी फिरायला निघालो. चौकात आल्यावर काकू थबकल्या. पारावर चारपाच आजोबा बसले होते, एका बाजूला जागा होती. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आणि आम्ही दोघी जाऊन टेकलो. आजोबांची चर्चा दोन मिनिटं थांबली. मग एकजण जरा सरकले आणि म्हणाले, "वहिनी, बरं नाही का वाटत? पाणी आणू?"

"बरं वाटतंय," काकू म्हणाल्या. "म्हणून तर बसले."

त्या दिवशी त्यांच्या हातात पिशवी नव्हती.